पाचरीची हाक

बाबांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही. घराला लागून असलेल्या शेडमधून "पाचर गो!" एवढंच ऐकू यायचं, आणि आई हातातलं काम टाकून जायची. लहानपणी मला ते तिचंच नाव वाटायचं.

बाबा सुतार. आमचं गाव हातखंब्याच्या थोडं पुढे. शेडमधल्या टेबल करवतीवर दारं, चौकटी, पूर्वी आंब्याच्या पेट्यांच्या फळ्याही व्हायच्या. लाकूड चिरताना त्याच्यातला ताण सुटतो आणि कापलेले दोन भाग पात्याच्या मागे पुन्हा जवळ येऊ बघतात. पातं त्यांच्यात चिमटलं की फळी उलटून माणसावर येते. म्हणून फळी अर्धी गेली की बाबा ती दाबून थांबत, हाक मारत, आणि आई मागच्या बाजूने चिरेत लाकडी पाचर सरकवायची. तेवढ्या थांब्यात त्यांचं बोलणं व्हायचं. "बांगडे आलेत दारावर, घेऊ?" नाहीतर, "पोरीला हॉस्टेलवर चादर पाठवायला हवी."

त्या करवतीवर मी बी.एस्सी. झाले, घराण्यातली पहिली. आता रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवते.

गणपती झाले आणि आई गेली. दिवसकार्य आटोपताच बाबांनी शेड उघडली. पुढे एका सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला, म्हणून धावत गेले. बाबांच्या बरगडीखाली काळंनिळं झालं होतं.

"काय नाय गो. फणसाची फळी होती, चिडली जरा."

"बाबा, आता बंद करा ना हे."

"मग दिवसभर काय करू? तिच्या फोटोसमोर बसू?"

मागे धरायला गडी ठेवू म्हटलं, तर म्हणाले, "तिचा हात कुठून आणणार तो?"

मशीन जुनं घेतलेलं. पात्यामागची पोलादी पट्टी त्याच्याबरोबर आलीच नव्हती. ती पट्टी म्हणजे कायमची पाचर. मी मशीनचा मॉडेल नंबर लिहून घेतला, मुख्याध्यापकांना विचारून प्रयोगशाळेतला व्हर्नियर नेला, पात्याची जाडी मोजली, दातांनी पडणारी चीर मोजली. पट्टी पात्याच्या अंगापेक्षा जाड हवी, नाहीतर लाकूड मिटतंच; आणि चिरेपेक्षा बारीक हवी, नाहीतर लाकूड तिच्यावरच अडतं.

रत्नागिरीतल्या दुकानदाराने दोन प्रकार पुढे ठेवले. एक स्प्लिटर: जागेवर घट्ट, पात्यापेक्षा उंच. खाच मारताना लाकूड आरपार चिरायचं नसतं, तेव्हा तो आड येतो आणि काढावा लागतो. चौकटीला खाच तर रोजची. बाबा एकदा काढतील आणि परत लावणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. दुसरी रायव्हिंग नाइफ: पात्याच्या पाठीला धरून त्याच्याबरोबर वरखाली होणारी, पात्यापेक्षा किंचित बुटकी. ती काढावी लागत नाही. मी एकेक पट्टी व्हर्नियरमध्ये धरून बघत होते.

"मॅडम, स्थळ बघताना तरी एवढं बघितलं होतंत काय?" दुकानदार हसला.

मलाही हसू आलं. मग आपण आईच्या जागी पट्टी निवडतोय हे जाणवून डोळे भरले, आणि तो बिचारा घाईने बिल लिहायला लागला.

रविवारी बाबांनी ती बसवली. पात्याशी सरळ रेषेत येईपर्यंत गुण्या लावून पुन्हा पुन्हा पाहिली. फणसाचीच फळी घेतली. मी मागे, आईच्या जागी उभी होते. खिडकीत तिची पाचर होती, कडा हाताने गुळगुळीत झालेली. फळी अर्धी आली. बाबांचा हात सवयीने थांबला. लाकूड मागे मिटू पाहत होतं, पण पट्टीने ते उघडं धरलं होतं. बाबांनी फळी पुढे लोटली आणि ती सरळ पार झाली.

बटण बंद करून त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं.

"चांगली निवडलीस," ते म्हणाले. मग चिरलेली फळी बाजूला ठेवत म्हणाले, "हाक मारायलाच लागली नाय."

पुढची फळी धरायला मी हात पुढे केला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "आता मागे धरायला कोण लागत नाय."