जयेशच्या रक्तात काय होतं?

या फोरमवर भूत, बाधा, अमानवीय असल्या धाग्यांवर मी आजवर फक्त वाद घालायला आलेय. 'अंगात आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आधी तपासा' म्हणणारी ती मीच. त्यामुळे हसायचं असेल तर खुशाल हसा...

मी मीरारोडला, नया नगरच्या तोंडाशी असलेल्या एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे. कुणीही दिलेलं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी तपासायचं, मगच पेशंटसाठी सोडायचं — हे माझं काम.

गेल्या वर्षी भर दुपारी राई गावचा जयेश धावत आला. त्याची बहीण कविता जवळच्याच हॉस्पिटलात बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिचा बॉम्बे ग्रुप. अशा माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही आणि आमच्याकडे त्याची एकही पिशवी नव्हती. नशिबाने भावाचाही ग्रुप तोच निघाला. मी त्याचंच रक्त काढलं आणि तपासायला घेतलं.

"मॅडम, टेस्ट कसली करताय? सख्खा भाव हाय मी तिचा! टाईम न्हाय, द्या ते!"

"सख्खा असलास तरी तपासल्याशिवाय नाही मिळणार," मी म्हटलं.

त्याने खिडकीच्या काचेवर बुक्की मारली. काच फुटली. शिपाई आवरायला गेला तर जयेशने त्याची कॉलर धरून त्यालाच भिंतीवर आपटलं. मी शिव्या खात टेस्ट पूर्ण केल्या. सगळ्या निगेटिव्ह! जीव भांड्यात पडला.

पिशवी घेऊन खिडकीशी धावले. जयेशने दोन्ही हात पुढे केले... आणि कुणीतरी माझं मनगट धरलं.

मागे कुणी नव्हतं. गोष्टीत असतो तसा थंडगार स्पर्श वगैरे काही नाही — चांगली गरम, घामट पकड होती. मनगट पिरगळलं, कडकन हाड वाजलं. पिशवी सुटली ती जयेशने वरच्यावर झेलली आणि पोटाशी धरली. मग तोच ओढला गेला! त्याचं तोंड खिडकीच्या लोखंडी चौकटीवर आपटलं, परत आपटलं, दात तुटला तरी आपटत राहिलं. पठ्ठ्याने पिशवी सोडली नाही. शेवटी ती हिसकावली गेली, समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली आणि फुटली. भिंत, छत, आमची तोंडं, सगळं रक्ताने भरलं. मी किंचाळत होते आणि आमचे डॉक्टर दारात नुसते उभे होते.

"दुसऱ्या हातातून काढा! अजून हाय माझ्यात!" जयेश तोंडातलं रक्त थुंकत ओरडला. डॉक्टर सुई घ्यायला वळले तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन आला. कविता गेली होती.

माझ्या हाताला प्लास्टर बसलं. डॉक्टर आजही म्हणतात, "अहो, धक्काबुक्कीत झालं असेल." कुणाच्या धक्काबुक्कीत, ते सांगत नाहीत.

आता इथले जाणकार लिहितील — रक्तात नक्की दोष असणार, म्हणून कुठल्यातरी शक्तीने अडवलं. कृपा करा, लिहू नका. मलाही तेच हवं होतं. संसर्ग अगदी ताजा असला तर टेस्टला सापडत नाही, म्हणून मी जयेशला काही महिन्यांनी पुन्हा बोलावलं. मोठ्या लॅबमध्येही सँपल पाठवलं. काही नाही. रक्त स्वच्छ.

तरी तो येत राहतो. मागच्या आठवड्यातही आला होता. आमच्याकडे रिपोर्ट घेताना लोक मनात देवाचा धावा करतात, काही निघू नये म्हणून. जयेश हात जोडून म्हणाला, "मॅडम, या टायमाला तरी कायतरी निघू दे. एचआयव्ही निघाला तरी चालंल."

मी रिपोर्ट पुढे धरला. त्याने वाचला आणि काउंटरवर डोकं आपटायला लागला.

"मंग कशाला फोडली, मॅडम? चांगलं व्हतं तर कशाला फोडली?"

मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.