म्हाताऱ्याचा डोळा आणि जून भेंडी

डावा डोळा लहानपणीच गोवरात गेला. उजव्याचा मोतीबिंदू काढला, आणि काही वर्षांनी तोही गढूळ झाला. भाजी मी पाहून घ्यायचे ते बंद झालं आणि मैलापूरच्या मंडईत यजमान जाऊ लागले. रेल्वेत जन्मभर लोकांवर हुकूम चालवला, पण भेंडीचं टोक मोडून बघायची यांना लाज वाटते. रोज घरात जून भेंडी. सुतळी चावावी तशी आम्ही ती चावत होतो.

डॉक्टरीणबाई तमिळ, माझ्या नातीएवढ्या. म्हणाल्या, "पाटी, मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पुढचा, काचेसारखा पडदा मिळाला की त्याचा आतला पातळ थर तुम्हाला बसवू." पाटी म्हणजे आजी. चेन्नईत मी सगळ्यांचीच पाटी आहे.

एकदाचं बोलावणं आलं. उपाशीपोटी हिरवा झगा घालून बसले, तर बाई येऊन म्हणाल्या, "आज नाही. आलेला पडदा मला पसंत नाही."

हे उसळले. "पंचविशीतल्या मुलाचा आहे म्हणालात ना? आणखी काय पाहिजे?"

"काढायला उशीर झालाय. आतल्या थरात जिवंत पेशी कमी उरल्यात. पडद्यात झिरपणारं पाणी त्याच पेशी उपसतात. त्या पुरल्या नाहीत तर पुन्हा गढूळच."

हे माझ्याकडे वळले. "तू तरी बोल काहीतरी!"

"काय बोलू? बाईला बाजार करता येतो," मी म्हटलं आणि झगा उतरवून इडली खायला गेले.

पुढच्या वेळी डोळा निघाला बहात्तर वर्षांच्या माणसाचा. आता मीच बिथरले. "तरणा परत पाठवलात आणि म्हातारा मला?"

"नुसत्या वयावर जाऊ नका, पाटी. हा वेळेत काढलाय, नीट थंड ठेवलाय. पेशी भरपूर आहेत, मी स्वतः बघितलंय."

"आणि नाही टिकला तर?"

"तशी धास्ती राहतेच. औषधाचे थेंब चुकवू नका. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं, तर लगेच या."

गोड थापा मारल्या नाहीत, म्हणून टेबलावर आडवी झाले.

नवा थर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात आणि छताकडे तोंड करून उताणं निजवतात. हे भरवायला बसले.

"आ कर. आज अगदी कोवळी मिळालीय."

उताणं पडून जून भेंडी गिळून बघा एकदा.

धुकं विरायला बरेच आठवडे लागले. मग मी यांच्याबरोबर मंडईत गेले. इतके दिवस मी भाजीवालीला शिव्या घालत होते. पण समोर बघते तर ती बिचारी काही करतच नव्हती. हे स्वतःच चांगल्या ढिगातून सगळ्यांत लांब, राठ भेंड्या वेचून टोपलीत टाकत होते.

"ठेवा ती खाली!"

हे दचकले. "म्हाताऱ्याच्या डोळ्याला एवढं दिसतं?"

"पेशी भरपूर आहेत त्याच्यात," मी म्हटलं. "पिशवी धरा."