बाळदादाच्या गाडीचा आवाज

मदनमहाल स्टेशन मागे पडलं की जबलपूरला उतरणारे लोक दाराशी गर्दी करतात आणि गाडी मग निवांत उभी राहते. त्या वेळात खिडकीतून काळ्या गुळगुळीत शिळा दिसतात. एकीवर एक अशा ठेवलेल्या की वाटावं, कुणीतरी काम अर्धवट टाकून जेवायला गेलंय. माझ्या मांडीवर पुण्याहून आणलेलं खोकं होतं, त्यात जुन्या पद्धतीचे दोन गोल स्पीकर. सहप्रवाशांनी रात्रभर त्या खोक्यात बाकरवडी आहे अशी समजूत करून घेतली होती. सकाळी खरं कळल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं.

मी आयुष्यभर रेडिओ केंद्रावर यंत्रं सांभाळली. त्यामुळे नातेवाइकांत माझी ख्याती अशी आहे की ज्या वस्तूतून आवाज येतो ती मला दुरुस्त करता येते. माझा आतेभाऊ बाळदादा याच्याकडे वडिलांच्या वेळची पांढरी अँबॅसिडर आहे. रविवारी जबलपुरात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार होती आणि प्रत्येक गाडीने आपल्या काळातलं संगीत वाजवत जायचं, असा आयोजकांचा आदेश होता. दादाच्या गाडीतलं संगीत म्हणे बसकं झालं होतं. गेल्या वर्षभरात तीन दुकानदारांनी त्यापुढे हात टेकले होते. मी चौथा.

स्टेशनवर दादा स्वतः गाडी घेऊन आला होता. ऐंशीच्या घरात, पाठ ताठ, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल.

"काहून रे, येवढा वाळला? पुण्यात जेवण बंद आहे का?" तो म्हणाला, आणि उत्तर ऐकायला न थांबता खोकं डिकीत ठेवलं. गाडी सुरू झाली, पाठोपाठ टेप सुरू झाला आणि माझ्या दाढेत कळ गेली. वरच्या पट्टीचं, म्हणजे ट्रेबलचं, बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं. गाणारी बाई बिचारी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी गात होती.

"पाह्यलं?" दादा म्हणाला. "काही धारच नाही आवाजात."

रेडिओ केंद्रावर ज्याने पस्तीस वर्षं काढली त्याला हे निदान करायला राइट टाउनमधल्या दादाच्या घरापर्यंतचा रस्ताही लागत नाही. गाडीत धार भरपूर होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

घरी कुंदावहिनींनी पोहे पुढे ठेवले, वर शेव, शेजारी जिलबी. या गावात तिखट आणि गोड एकाच घासात खातात आणि पचवतात. दादा आंघोळीला गेला तशा त्या समोर बसल्या.

"भाऊजी, तुम्ही समजलाच असाल."

"काय?"

"नाटक नका करू जी. ह्यांना ऐकू येत नाही. मागल्या महिन्यात मागून ट्रक भोंगा वाजवून राहिला होता, हे आपले मधोमध. मी हात धरून गाडी बाजूला घेवायला लावली. मिनूला कळलं, तर ती म्हणे दिवाळीत येते अन् किल्ल्या घेऊन जाते. तिनं किल्ल्या नेल्या तर हे दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतील. कानाचं यंत्र लावलं तर सगळंच निभतं. पण सांगेल कोण? तुम्ही आवाजातले. तुमचं ऐकतील."

मिनू म्हणजे त्यांची बंगळूरची मुलगी. मी योग्य वेळ पाहून सांगतो असं म्हणालो. योग्य वेळ ही फार सोयीची चीज आहे. ती नेहमी उद्या असते.

न सांगण्याला कारणही होतं. बाळदादा संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होता आणि त्याचं अख्खं करिअर कानावर उभं होतं. ओतीव लोखंडाचा भाग साखळीला टांगायचा, छोट्या हातोडीने टकटक करायचं. खणखणला तर पास, बद्द वाजला तर आत तडा. दोन तपासनीस पाठ फिरवून उभे राहत आणि आपापल्या चिठ्ठीवर निकाल लिहीत, म्हणजे एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याने नक्कल करायला नको. चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर तिसरा कान बोलवायचा.

"अन् ज्याची चिठ्ठी वेगळी निघाली त्याचा कानच तपासायचा," दादा संध्याकाळी अंगणात सांगत होता. "कान म्हणजे उपकरण. बिघडलं की वापरातून काढायचं. मी तर आमच्या मोठ्या साहेबालाच दवाखान्यात धाडलं होतं. दिल्लीहून आलेला माणूस. लाल शाईनं लिहिलं, उपकरण सदोष."

"साहेब रागावला नाही?"

"रागावून काय करतो? नियम आहे न."

ही योग्य वेळ होती. मी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही कमानिया गेटजवळच्या गल्लीत पप्पू भैयांच्या दुकानात गेलो. पन्नाशीचा, पान खाणारा, समजूतदार माणूस. त्याच्या दुकानात असे स्पीकर होते की एक लावला असता तर गाडीला चाकांची गरज पडली नसती. दादाने आत पाऊल टाकताच अट घातली, "गाडी में एक भी छेद नहीं होगा."

पप्पूने माझे स्पीकर उलटसुलट पाहिले. "बाबूजी, बिना छेद के तो बाँसुरी भी नहीं बजती" (छिद्राशिवाय बासरीसुद्धा वाजत नाही).

"तो बाँसुरी में लगा लो. मेरी गाडी में नहीं."

पप्पूने दिवसभर खपून सागवानी पेटी केली, तीत स्पीकर बसवले, पेटी मागच्या सीटच्या वरच्या फळीवर कपड्याने झाकून ठेवली आणि वायर कारखान्याने आधीच पाडलेल्या छिद्रातून ओवून नेली. दादा टॉर्च घेऊन इंचाइंचाने नवीन भोक शोधत होता. ते सापडलं नाही याचं त्याला किंचित वाईटच वाटलं. मी आणि पप्पू तोवर खव्याची जिलबी खात होतो. ही काळपट, जाड आणि इतकी जड असते की दुसरी खाल्ल्यावर माणूस भूमिका घेण्याच्या अवस्थेत राहत नाही. त्या दिवशीही मी काही बोललो नाही, ते या जिलबीमुळे असं मी वहिनींना सांगितलं.

पेटीतला आवाज उत्तम होता. मी स्वतःची पाठ थोपटली. दादाने वरचं बटण पुन्हा शेवटपर्यंत पिळलं आणि म्हणाला, "आहे, पण ती गोष्ट नाही."

शनिवारी चाचणीसाठी भेडाघाटला गेलो. वहिनी मागे, कानात कापूस. संगमरवरी कड्यांमधून नाव जाते तेव्हा नावाडी यमक जुळवत माहिती देतो. एका कड्यात त्याला हत्ती दिसला, एकात मोटार. मला दोन्हींत संगमरवर दिसला, पण गावकऱ्यांच्या अभिमानाच्या आड मी येत नाही. पुढे धुवांधार धबधब्यापाशी नर्मदा अख्खी एका खड्ड्यात कोसळते आणि पाण्याची वाफ होऊन तोंडावर येते. कठड्याला धरून दादा बराच वेळ उभा राहिला. चेहऱ्यावर असं समाधान की जणू बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्याच्याशी नीट बोलत होतं.

"ह्याला म्हणतात आवाज," तो म्हणाला. "असा काढून दे मला गाडीत."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी धबधब्याकडे पाहिलं.

रविवारची मिरवणूक आठला होती, म्हणजे प्रमुख पाहुणे सव्वादहाला आले. तोवर तीसेक गाड्या उन्हात उभ्या राहून आपापल्या काळातलं संगीत एकदम वाजवत होत्या. एकत्रित परिणाम कुठल्याच काळाचा नव्हता. आयोजकांनी फेटे बांधले होते. त्यांपैकी एकाने सूत्रसंचालन करताना वारसा हा शब्द इतक्या वेळा वापरला की त्याची झीज व्हायला लागली. पाहुण्यांना हार, शाल, गाडीची पितळी प्रतिकृती आणि शेवटी हिरवा झेंडा देण्यात आला. फेटेवाल्याने शिट्टी फुंकायची, पाहुण्यांनी झेंडा हलवायचा, गाड्यांनी निघायचं, असा बेत होता.

आमची गाडी दुसऱ्या ओळीत. पुढे उभ्या लाल गाडीच्या टपावर फुलांचा मोर असल्याने झेंडा दिसत नव्हता. शिट्टी वाजली. लाल गाडी निघाली. उजवीकडची निघाली, डावीकडची निघाली. बाळदादा सुकाणूवर बोटांनी ठेका धरून, रिकाम्या रस्त्याकडे बघत, शिट्टीची वाट पाहत बसला. शिट्टी पुन्हा वाजली, मग तिसऱ्यांदा, अगदी खिडकीपाशी, फेटेवाल्याचे गाल फुगून लाल झालेले. मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले. झेंडा हलवून हलवून पाहुण्यांनी हात बदलला.

"दादा, चल," मी म्हणालो.

"शिट्टी कुठं झाली?"

मी नाक शिंकरलं. मागून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "झाली. तीनदा झाली."

तो निघाला. घराच्या गेटात शिरताच दोष कुणाचा ते त्याने ठरवून टाकलं. पप्पूचा. "त्यानं काहीतरी भलतंच जोडून दिलं आहे. पेटी सगळे आवाज खाऊन राहिली आहे. बाहेरचेही. उद्या बोलवा त्याला. कारखान्यासारखी चाचणी घेऊ. चिठ्ठ्या लिहून."

सोमवारी सकाळी पप्पू भैया दुकान बंद ठेवून स्कूटरवर आले. चेहरा उतरलेला. बाजारात बाबूजींचा शब्द चालतो हे त्यांना माहीत होतं. दादाने कॅलेंडरची जुनी पानं फाडून तीन चिठ्ठ्या केल्या. स्वतः गाडीत पुढे बसला, वहिनी मागे, पप्पू उघड्या दाराशी पाठ करून. मी वाजवणारा, म्हणून मला मत नव्हतं. दोन्ही बटणं मी मध्यावर आणली आणि तीन मिनिटांचं एक साधं वादन लावलं. कोणकोणते आवाज आले तेवढं लिहायचं. बोलायचं नाही.

वादन संपलं. दादाने चिठ्ठ्या गोळा केल्या आणि बॉनेटवर ओळीने मांडल्या.

वहिनींची: तंबोरा, तबला, हार्मोनियम, बासरी, टाळ. शेजारचा कुकर, दोन शिट्ट्या.

पप्पूची हिंदीत, मजकूर तोच. टाळाला त्याने मंजिरा म्हटलं होतं. शेवटी, कुकर.

दादाची सुवाच्य अक्षरात, तारीख आणि सहीसकट: तबला, हार्मोनियम.

पप्पूने पान थुंकायचं म्हणून बाहेर जायची परवानगी मागितली आणि गेला नाही.

दादा चिठ्ठ्यांकडे बघत होता. तंबोरा, बासरी आणि टाळ स्पीकरने खाल्ले असं म्हणता आलं असतं. मीही मनात त्याच्यासाठी ते वाक्य तयार करत होतो. पण त्याचं बोट तिथे नव्हतंच. ते कुकरवर होतं.

"कुकर पेटीतून नाही वाजला," तो म्हणाला.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "जोशीबाईंच्या ओट्यावर वाजला."

"दोनदा?"

"दोनदा."

त्याने खिशातलं लाल पेन काढलं. टोपण नीट मागे लावलं. आपल्या चिठ्ठीवर तिरपं लिहिलं: उपकरण सदोष. वापरातून काढावे. दुरुस्तीस पाठवावे. खाली सही केली आणि चिठ्ठी वहिनींपुढे धरली. "दुसऱ्या तपासनिसाची सही लागते."

वहिनींनी सही केली. दादाने गाडीच्या किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

"दुरुस्त होऊन येईपर्यंत तू ठेव. मिनूला नको." मग पप्पूकडे वळून म्हणाला, "भैया, माल तुम्हारा पास है. माफ करना."

"अरे बाबूजी," पप्पू म्हणाला आणि पेटीवरचा कपडा सारखा करू लागला.

दुपारी मला स्टेशनवर सोडायला अँबॅसिडर पप्पूने चालवली. दादा शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता, टेप बंद. त्या शांततेत गाडी काय काय वाजत होती ते मी नीट ऐकलं आणि सवयीप्रमाणे काही बोललो नाही.

घरी आल्यावर लोक विचारतात, जबलपूर कसं आहे. मी संगमरवर, धबधबा आणि खव्याची जिलबी सांगतो. ज्या कामासाठी गेलो ते माझ्याकडून झालं नाही, हे सांगत नाही. ते एका कुकरने केलं. चार दिवस एक माणूस मला आवाजाबद्दल विचारत होता आणि आवाजावर पोट भरलेला मी त्याला बटणं फिरवून दाखवत होतो. तरी फेटेवाल्यांना हसायला मला काही अडचण आली नाही.

महिन्याभराने पाकीट आलं. कानाचं यंत्र बसलं आहे, किल्ल्या परत मिळाल्या आहेत आणि त्याने गाडीची नव्याने तपासणी केली आहे, असं दादाने लिहिलं होतं. सोबत कॅलेंडरचं पान. डावं दार, बद्द. डॅशबोर्ड, खडखड. मागचं चाक, कुईकुई. अशा अकरा नोंदी, सगळ्या लाल शाईत.

बारावी नोंद गाडीची नव्हती. पाहुणा: कुंदाच्या सांगण्यानुसार, माझ्या कानाचा दोष पहिल्या दिवसापासून ओळखून होता. वाजला नाही. आत तडा आहे का पाहावे.