दोरावरचा तळवा

तुम्ही नाताळच्या सुट्टीत शिडाच्या बोटीने बेटं फिरणार, हे फोनवर ऐकलं आणि मला एक माणूस आठवला.

कुरुंदवाडला माझ्या बहिणीच्या घरी पुराचं पाणी माडीला टेकलं होतं. आम्ही दोघी गॅलरीत उभ्या होतो. आम्हाला न्यायला आलेल्या दोन नावा प्रवाहाने पुढे ओढून नेल्या. तिसरीत तो होता. वेस्ट इंडीजच्या छोट्या बेटांमधून शिडाची बोट चालवणारा, रजेवर गावी आलेला. त्याने घरापासून बरंच वर, प्रवाहात नांगर टाकला आणि दोर सैल सोडत नाव मागे मागे आमच्या गॅलरीपर्यंत आणली.

शेजारच्या गच्चीवरून कोणी ओरडलं, "पावणं, नाव उलटी आणलाय की!"

"तिकडं बेटाला वारं लई असलं की असंच करतोय."

बोलताना त्याचा तळवा दोरावर होता. नांगर घसरला तर दोर थरथरतो, म्हणाला.

बहिणीचे गुडघे दुखरे. ती म्हणाली, "मला नाही जमायचं. हिला ने. मी इथेच बसते."

त्याने दोर बांधला आणि नावेत मांडी घातली. "बसा की मावशी. मी बी बसतो. तुमाला घेतल्याबिगर नांगर उचलत न्हाय."

पाणी चढत होतं. त्याने पुन्हा दोर चाचपला, पण घाई केली नाही.

"भलताच हट्टी आहेस बाबा!"

"व्हय."

अखेर तिने पाय पुढे केला. तो त्याने दोन्ही हातांनी धरून नावेत ठेवला. तिच्यामागून मीही उतरले. मग नाव नांगराकडे न्यायला तो प्रवाहाविरुद्ध दोर ओढू लागला. बघते तर मागे बसून बहीणही ओढत होती.