मोठ्या बाईंचा वीजधर

"हा आपला वीजधर नव्हे!" असं म्हणून मोठ्या बाई मासिकाचा नवा अंक टेबलावर असा आपटायच्या, की दौतीतली शाई उसळायची. मग चष्मा काढून आम्हा सगळ्यांकडे बघायच्या, जणू त्याला आम्हीच बिघडवलं होतं.

पांढुर्ण्यातल्या मुलींच्या एका मराठी शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी नुकतीच लागलेली शिक्षिका. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचं. सौसरला एक भाऊ, एवढंच त्यांचं माणूस.

वीजधर हा नागपूरहून निघणाऱ्या एका मासिकातल्या चित्रकथेचा नायक. दिवसा मागावर लुगडी विणणारा कोष्टी. कुणी संकटात हाक मारली की मुठीत वीज घेऊन आभाळातून उतरायचा. इंग्रजांच्या राज्यात सुरू झालेली ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरही दर महिन्याला येत राहिली. अंक आला की बाई मधल्या सुट्टीत तो मोठ्याने वाचायच्या. तुम्ही तो थाट पाहायला हवा होता. मुली जिला लांबून पाहूनच वाट बदलत, ती नऊवारीतली पन्नाशीची बाई हवेत मूठ मारून ओरडायची, "घे! अजून पाहिजे? घे!"

पुढे मासिकाने चित्रकार बदलला आणि वीजधराचं सगळंच बदललं. पूर्वी तो "काऊन रे, गरिबाला मारून राहिला?" असं विचारून जमीनदाराच्या गुंडांना लोळवायचा. आता तो मंत्र्यांच्या सभेत हार घेऊन उभा राहायचा आणि लोकांना शिस्तीवर भाषणं द्यायचा.

"याच्या मुठीत वीज दिली होती न?" बाई कडाडायच्या. "मंग हा हार काऊन धरून राहिला?"

म्हणून त्यांनी पहिल्या वर्षांचे अंक जमवले, घरी चिकटवायची खळ करून स्वतः बांधले आणि शाळेच्या कपाटात ठेवले. शनिवारी ते मुलींना वाचायला मिळत. ज्या पोरींना जोडाक्षर फुटत नव्हतं, त्या वीजधरापायी वाचायला शिकल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमची भाषा, शेतं, सोयरिकी सगळं जागच्या जागी होतं. फक्त आम्हाला विचारायचं तेवढं राहून गेलं. थोड्याच दिवसांत शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा तपासायला आले. कपाट उघडून त्यांनी एक खंड चिमटीत उचलला.

"ये सब कचरा स्कूल में क्यों रखा है?"

"साहेब, आधी वाचून तर पाहा," बाई म्हणाल्या.

"मराठी हम नहीं पढ़ते।"

"अक्षरं तर तीच आहेत न! का तीही बदलली?"

वर्गातल्या मुली हसल्या. साहेबांचा चेहरा लाल झाला. खंड टेबलावर टाकून ते निघून गेले, आणि दिवाळीच्या सुट्टीत, शाळेत कुणी नसताना, कपाट रिकामं झालं. वीजधर गेला, त्याच्याबरोबर मराठीची बाकी पुस्तकंही गेली. साहेबांच्या कचेरीत विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "निकाल दिया।" बस, एवढंच.

महिन्याभराने मी वाण्याकडून हळद आणली. पुडी सोडली तर आत वीजधराचा अर्धा चेहरा. ती तशीच घेऊन मी बाईंकडे धावले. बाईंनी चपला घातल्या आणि थेट दुकान गाठलं.

"बाई, रद्दी आहे हो ती," वाणी म्हणाला.

"रद्दी तुमच्या डोक्यात आहे! तुमची पोरगी कशावर वाचायला शिकली, विचारा तिला घरी जाऊन."

वाण्याने गल्ल्याखालचा उरलेला गठ्ठा काढून दिला.

त्या रविवारी आम्ही दोघी पानं लावत बसलो. बाई किती वर्षांनी ते जुने अंक सलग वाचत होत्या. सुरुवातीला हसल्या, मग चष्मा काढून पुसू लागल्या. मला वाटलं, रडतात की काय. पण त्यांनी हातातलं पान फेकलं.

"यात एकही बाई काहीच करत नाही गं! नुसत्या 'वाचवा, वाचवा' करून राहिल्या. आणि मी हे पोरींना वाचायला देत होते? काय डोळे फुटले होते माझे?"

"मग गेलं ते बरंच झालं म्हणायचं का, बाई?" मी भीत भीत विचारलं.

त्या माझ्यावर अशा उसळल्या की मी मागे सरकले. "बरं झालं? ते वाईट आहे हे मी ठरवीन, माझ्या पोरी ठरवतील. तो साहेब कोण? त्याने पान तरी उलटून पाहिलं का?"

पुढच्याच महिन्यात लांबच्या एका हिंदी शाळेत त्यांची बदली झाली. बाईंनी राजीनामा दिला. निरोप समारंभाला साहेब स्वतः आले. त्यांनी बाईंना शाल पांघरवली, फोटो काढून घेतला आणि त्यांच्या सेवाभावावर बराच वेळ बोलले. बाई खाली बघत राहिल्या. मी मागे बसून ओठ चावत होते. आज इतक्या वर्षांनीही तो फोटो आठवला की माझं डोकं तापतं.

दुसऱ्या दिवशी सौसरच्या बसवर त्यांची ट्रंक चढवायला मी गेले होते. कंडक्टर म्हणाला, "माताजी, आगे बढ़िए।"

"तू तिगावचा न रे? तुझी बहीण माझ्या वर्गात होती. मराठीत बोल!"

"बरं बाई, पुढे सरका," तो हसून म्हणाला.

बाई खिडकीपाशी गेल्या. बाकावर धूळ होती. त्यांनी पिशवीतून साहेबांची शाल काढली, नीट चौघडी घातली, बाकावर अंथरली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या. बस सुटली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला आपल्या बाजूला जागा करून देत होत्या.