शुक्रवारच्या चिमण्या

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मुंबईच्या एका कॉलेजात पक्ष्यांचा अभ्यास करणारे सर भिवंडीत आमच्या कामतघरच्या शाळेत आले आणि शहरातल्या चिमण्या मोजायला माणसं हवीत म्हणाले. सुट्टीच्या दिवशी सकाळी एका जागी अर्धा तास बसायचं, दिसतील तेवढ्या चिमण्या मोजायच्या आणि महिनाअखेरीस आकडे पोस्टाने पाठवायचे. मी शिक्षिका, त्यामुळे चाळीतले आकडे गोळा करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला मिरवायलाही आवडलं.

शेजारच्या वहिनी पॉवरलूमच्या कारखान्यात कांड्या भरायच्या, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी सुताचा दोरा घेऊन दर चिमणीमागे एक गाठ मारली. तुटके धागे जोडणारे ते हात, गाठी कशा पक्क्या! महिनाअखेरीस त्यांनी चार दोरे माझ्यापुढे ठेवले. प्रत्येकावर तीसच्या वर गाठी होत्या. मला गॅलरीतून दर रविवारी जेमतेम आठ चिमण्या दिसायच्या.

"वहिनी, दाणे टाकून बोलावल्यात की काय?"

"हायत तेवढ्याच मोजल्या, बाई. मी कशाला खोटं बोलू?"

मी हसले आणि त्या गेल्यावर कागदावर त्यांच्या नावापुढे चारही ठिकाणी दहा-दहा लिहून मोकळी झाले. जन्मभर वह्या तपासलेल्या, चुकतं ते नेहमी दुसऱ्याचंच!

पाकीट पोस्टात टाकायच्या आधी, शुक्रवारी सकाळी शाळेत जाता जाता, वहिनींचा डबा परत द्यायला गेले. त्या कारखान्यात झाडायला गेल्या होत्या, म्हणून तिकडे वळले. शुक्रवारी लूम बंद असतात हे भिवंडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण माझी सुट्टी रविवारची, म्हणून मी जगाचीही रविवारचीच धरली होती. एरवी खडखडाटात शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे आज नुसता चिवचिवाट होता. लूमवर साठलेला कापूस घरट्यासाठी चोचीत धरून चिमण्या झरोक्यातून ये-जा करत होत्या. वहिनी झाडू बाजूला ठेवून गाठी मारत होत्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच त्यांना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग आता खरं लिवा." मी दहाचे आकडे खोडले, गाठींचे लिहिले, खोटेपणा माझा होता असं खाली नमूद केलं आणि दोरेही पाकिटात घातले.

पुढच्या महिन्यात सर एका शुक्रवारी स्वतः आले आणि वही घेऊन वहिनींशेजारी बसले. अर्ध्या तासाने सरांच्या एकतीस भरल्या, वहिनींच्या चौतीस. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, गाठी बरोबर असणार."

"तीन तुमच्या डोक्यावर हायत," वहिनी म्हणाल्या.

सरांनी मान वर केली. वरच्या लोखंडी तुळईवर तिघी बसल्या होत्या, चोचीत कापूस धरून. सरांनी आपला आकडा खोडला आणि वहिनींचा लिहिला.