राष्ट्रपतींचं नाव लिहिणारे अण्णा

पेंटरअण्णा मुख्यमंत्र्यांना एका फटक्यात पुसायचे, कलेक्टरसाहेबांना तर शीळ घालत पुसायचे. राष्ट्रपतींना हात लावायच्या आधी मात्र स्टुलाखाली चपला काढून ठेवायचे. हे मी स्वतः पाहिलं आहे, एकदा नाही, तीनदा.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांनी चार वर्षं काढली आहेत त्यांना तो फलक आठवत असेल. व्हरांड्याच्या भिंतीवर निळा चौकोन आणि त्यात पांढऱ्या अक्षरांच्या एकाखाली एक ओळी. सर्वांत वर राष्ट्रपती, मग पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, जिल्हाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, सरपंच आणि तळाला मुख्याध्यापक. माणूस बदलला की ओळ बदलायची. नाशिकहून दिंडोरीमार्गे आमच्या पेठच्या डोंगरापर्यंत कितीतरी शाळांत हे काम अण्णा करायचे. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ त्यांचं नंबरप्लेट आणि पाट्या रंगवायचं एक खोपटं होतं. फ्लेक्स आल्यावर पाट्या गेल्या, पण शाळांच्या भिंती राहिल्या. बाकी सगळं सोडून ते एसटीने रंगाची पिशवी घेऊन यायचे, आणि पाड्यावर पाऊल ठेवल्या ठेवल्या मला विचारायचे, "बाई, वर कोन हाय सध्या?" त्यांना माहीत असायचं. तरी विचारायचे.

पहिली ओळ बदलायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. खालची नावं ते निळ्या रंगाच्या दोन हातांत झाकायचे. राष्ट्रपतींचं नाव मात्र अक्षरा-अक्षराने बदलायचे. जुन्या नावाचं एक अक्षर ब्लेडच्या पत्तीने खरवडायचं, जागा पुसायची, तिथे नव्या नावाचं अक्षर काढायचं, आणि मगच पुढच्याला हात घालायचा. अर्धा दिवस जायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अण्णा, एकदम पुसा ना सगळं!" तर म्हणाले, "ती खुर्ची एक मिनिटबी रिकामी ऱ्हात नाय बाई. मग आपन भिंतीवर कशी ठेवायची?"

याचा परिणाम असा की त्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीवर अर्धे जुने आणि अर्धे नवे असे एक राष्ट्रपती असायचे, जे या देशाला कधीच लाभलेले नाहीत. नेमके एकदा त्याच वेळी विस्तार अधिकारी आले. त्यांनी तिसरीच्या मुलीला विचारलं, "भारताचे राष्ट्रपती कोण?" तिने भिंतीकडे बघून जे दिसत होतं ते खणखणीत आवाजात वाचलं. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, हे काय शिकवता?" मला कुठे तोंड लपवू असं झालं. स्टुलावरून अण्णा शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय साहेब. तीन वाजेपर्यंत हेच हायेत."

हे वेड त्यांना त्यांच्या उस्तादांकडून लागलेलं. उस्ताद मालेगावचे, देवनागरी आणि उर्दू दोन्हींत सारखा हात चालणारे. अण्णा त्यांच्याकडे शिकत असताना एका वर्षी राष्ट्रपती पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती हंगामी राष्ट्रपती झाले. उस्तादांनी शाळेच्या भिंतीवर नाव बदललं. मग त्या उपराष्ट्रपतींनाच निवडणुकीला उभं राहायचं होतं, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. आता राष्ट्रपतीही नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही. तेव्हा देशाचे सरन्यायाधीश त्या खुर्चीवर बसले. पुन्हा नाव बदललं. महिनाभराने निकाल लागला तर राजीनामा दिलेलेच निवडून आलेले. उस्ताद डोक्याला हात लावून म्हणाले, "इनको तो अभीच मिटाया था मैंने!" मला ही पेंटर लोकांची थाप वाटली. घरी जाऊन पुस्तक काढून बघितलं. शब्दन् शब्द खरं होतं. वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होते मी, आणि हे मला रंगाच्या डब्यातून कळलं.

उस्तादांना सगळ्यांत आवडायचे ते पहिले राष्ट्रपती, कारण त्यांनी बारा वर्षं भिंतीला हात लावू दिला नाही. "त्याच्यानंतर दुसऱ्यांदा कुनीच नाय," अण्णा हळहळून सांगायचे, जणू घरातल्याच कुणाची बढती अडली आहे.

एवढं सगळं असून अण्णांचा मूळ प्रश्न सुटलेला नव्हता. राष्ट्रपती करतात काय? हा प्रश्न त्यांनी तलाठ्याला विचारला होता, एका वकिलाला विचारला होता, दिंडोरीच्या एका द्राक्षबागाईतदाराला तर त्याच्या गेटवर नाव काढताना विचारला होता. प्रत्येकाने वेगळं सांगितलं. शेवटी पाळी माझी.

"देशाचा सगळा कारभार त्यांच्या नावाने चालतो," मी म्हटलं.

"आन चालवतं कोन?"

"मंत्रिमंडळ."

"मंग नाव त्यांचं कशाला?"

"ते राष्ट्राचे प्रमुख आहेत, अण्णा. इंग्रजांचा राजा होता, त्याच्या जागी आपण आपला माणूस बसवला. निवडून आलेला."

"आपन कुठं मत दिलं?"

"आमदार-खासदार देतात, आपल्या वतीने."

अण्णांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. "बरं, एखाद्या कागदाला ते नाय म्हनू शकतात?"

"एकदा परत पाठवू शकतात. तोच कागद दुसऱ्यांदा आला तर सही करावीच लागते."

"आन नाय केली तर?"

मग मी त्यांना सांगितलं की एका राष्ट्रपतींनी एका विधेयकावर होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कागद नुसता ठेवून दिला, आणि तो कायदा काही झाला नाही. अण्णांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला. मग म्हणाले, "म्हंजी नाय म्हनता येत नाय, पन गप ऱ्हाता येतं." मी म्हटलं, असंच काहीसं. आम्ही दोघं त्या फलकाकडे बघत राहिलो. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना असतो. मुलं काहीतरी लिहितात आणि मी ते दोन गुण देऊन टाकते.

'महामहीम'चाही असाच घोळ. वर्षानुवर्षं ते नावाआधी महामहीम लिहीत आले. पुढे तो शब्द वापरायचा नाही असं ठरलं, म्हणून त्यांनी तो खरवडून 'मा.' केलं. पण मन खाई. "सरपंचालाबी मा., आन ह्यांनाबी मा. मंग फरक काय ऱ्हायला?" लोकशाहीत तेच अपेक्षित असतं, असं मी शाळेतल्या बाईला शोभेल असं उत्तर दिलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांनी काय केलं, तर राष्ट्रपतींचा 'मा.' सरपंचांच्यापेक्षा बोटभर मोठा काढला.

मग आमच्या शाळेवर गदा आली. पट चौदा. कमी पटाची शाळा म्हणून ती नदीपलीकडच्या शाळेत मिळवायचा प्रस्ताव निघाला. कागदावर ते अंतर काहीच नव्हतं. पण मधली फरशी, म्हणजे नदीवरचा बुटका पूल, पावसाळ्यात पाण्याखाली जाते, आणि आमच्या चौदांतल्या नऊ पोरांची उंची त्या पाण्याहून कमी. पाड्यावरची मोठी माणसं दिवाळीनंतर द्राक्षबागांत कामाला जातात; पोरं आज्यांपाशी राहतात ती या शाळेच्या भरवशावर. शाळा गेली की पोरंही बागेत, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. आज्या व्हरांड्यात येऊन बसल्या. एकीने विचारलं, "साळा बंद करतील का, बाई?" मी म्हटलं, नाही.

आज्यांनी जे केलं ते मला आजही थक्क करतं. त्यांनी फलक वाचला, आणि खालून वर निघाल्या. तळाची मुख्याध्यापक मी. माझ्या हातात काही नव्हतं. सरपंचांनी ठराव करून दिला. गटशिक्षणाधिकारी म्हणाले, वरून आलंय. कलेक्टर कचेरीतून उत्तर आलं, वरून आलंय. मुंबईला एक अर्ज गेला, एक स्मरणपत्र गेलं, उत्तर नाही. अण्णा त्या दिवसांत सरपंचांची ओळ बदलायला आले होते. आज्यांनी त्यांना घेरलं. "तुम्ही नावं लिहितां, तुमची ओळख असंल." अण्णांनी फलकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता येकच ओळ ऱ्हायली."

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. मी मसुदा करून देते म्हटलं, तर नको म्हणाले. चार दिवस लागले. अक्षर असं की छापील वाटावं. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत: 'आपले नाव आमच्या शाळेच्या भिंतीवर पहिल्या ओळीत आहे, ते मी लिहिले आहे. शाळा बंद झाली तर नाव राहील, पण वाचणारे राहणार नाहीत, तरी आपण एकदा हो म्हणावे.'

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून अण्णा एसटीने आले, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाचा. हो हाय का नाय?" मी तीनदा वाचलं. निवेदन मिळाले, योग्य त्या कार्यवाहीसाठी राज्य शासनाकडे पाठवले आहे. एवढंच. "अण्णा, हो पण नाही आणि नाही पण नाही." त्यांनी पत्र पुन्हा पिशवीत घातलं. चेहरा पडला होता. "गपच ऱ्हायले म्हनायचे," एवढं बोलून गेले.

पुढची गंमत सांगते, पण मला तिचं हसू येत नाही. अण्णांचा तो अर्ज दिल्लीहून खाली निघाला. मुंबई, मग कलेक्टर कचेरी, मग तालुका, प्रत्येक ठिकाणी एक शिक्का खात खात, आणि एके सकाळी माझ्याच टेबलावर येऊन पडला. मुख्याध्यापकांनी अहवाल सादर करावा! मी लिहिलं की शाळा बंद करू नये. पाठवलं. मग सामसूम. जून उजाडला, शाळा बंद करण्याचा आदेश आला नाही. मी तालुक्याला जाऊन तिथल्या कारकून भाऊसाहेबांना विचारलं, "म्हणजे आपल्या बाजूने निर्णय झाला ना?" त्यांनी फाइल नुसती उघडून शिक्के दाखवले. "बाई, ह्याच्यावर दिल्लीचा शिक्का हाय. बंद करा असं लिहायला कुनी धजत नाय, आन चालू ठेवा असं लिहायचा अधिकार कुनाला नाय. निर्णय झाला नाय, म्हनून तर शाळा चालू हाय."

घरी येताना बसमध्ये मला आनंद करावा की कपाळ बडवावं ते कळेना. आमची शाळा वाचवली कोणी? राष्ट्रपतींनी काही केलं नव्हतं. कुणीच काही केलं नव्हतं. आणि तरी शाळा भरत होती.

पावसाळ्यात अण्णा अंथरुणाला खिळले. जन्मभराच्या रंगाने छाती खाल्ली होती. मी त्यांच्या नाशिकच्या घरी गेले. मुलीने उशीला टेकून बसवलं होतं. मला पाहताच विचारलं, "शाळेचं काय झालं?" जाताना मी ठरवलं होतं की सगळी हकिगत जशीच्या तशी सांगायची. पण तो श्वास ऐकला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"झालं, अण्णा. राष्ट्रपती हो म्हणाले."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "सही कुनाची हाय?"

मला नाव घेता येईना. मी मान खाली घातली. दोघांनाही कळायचं ते कळलं. तेच म्हणाले, "आसू द्या. शाळा भरती ना?"

"भरते."

"मंग येक दिवसबी कुलूप दिसू देऊ नका बाई. कुलूप दिसलं की त्यांचं आपोआप ठरतं."

नऊ दिवसांनी सकाळी आठला मुलीचा फोन आला. अण्णा पहाटे गेले होते. बारा वाजता नेणार होते. माझे सहकारी गुरुजी मतदार यादीच्या कामाला तालुक्याला गेलेले. शाळेवर मी एकटी. तशीच नाशिकची बस धरली असती तर पोहोचले असते. मी फरशीपाशी उभी राहून ती बस जाऊ दिली. या माणसावर मी माया केली होती, आणि त्याला शेवटचं बघायला मी गेले नाही. बरोबर केलं की चूक, अजून मला ठरवता येत नाही.

पोरं वाट बघत व्हरांड्यात उभी होती. मी कुलूप काढलं आणि साडेदहाला घंटा दिली.